वस्तूंचे रंग आणि रंगांची नावे
(हीरक महोत्सवानिमित्त आयोजित माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



शाळेने साठ वर्षे पूर्ण केली, की तिच्या इतिहासाची उजळणी होते आणि ती व्हावीही. परंतु आजच्या व्याख्यानाचा विषय इतिहासापेक्षा थोडा वेगळा आहे. घरातल्या साध्या, रंगीत वस्तूंकडे पाहून छायाचित्रांची एक प्रयोगशील मालिका कशी घडविता येईल, हा तो विषय. स्वयंपाकघरातील वांगे, दोरीवर वाळत घातलेले लुगडे, सायकलच्या दुकानातील टायरांची रास, रंगाचा रिकामा डबा असे तिचे साहित्य असेल. एका मराठी शाळेच्या हीरक महोत्सवात हा विषय कशासाठी, असा प्रश्न कुणाच्या मनात आला तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर छायाचित्रणाच्या आधी भाषेत शोधावे लागते.

मराठीतील रंगांची नावे क्षणभर आठवून पाहावीत. जांभळा हा शब्द जांभळापासून आला, तांबडा तांब्यापासून. विटकरी विटेचा, राखाडी राखेचा, पोपटी पोपटाचा, पारवा पारव्याचा. डाळिंबी, अंजिरी, बदामी, लिंबू, आमसुली, वांगी ही सारी मंडईतून आलेली नावे. अबोली आणि गुलबक्षी परसातून आल्या, शेवाळी विहिरीच्या काठावरून आला, मोतिया आणि सोनेरी दागिन्यांच्या डब्यातून आले. श्रीखंडी थेट पानातून उचलला गेला. ज्या वस्तू रोज हाताळल्या, त्यांचीच नावे पूर्वजांनी रंगांना दिली. आज ज्याला नित्याच्या रंगीत वस्तूंवरून प्रेरणा घेणे म्हणतात, ते काम मराठी भाषेने कॅमेऱ्याच्या शोधाच्या कितीतरी आधीच करून ठेवले आहे.

आता भिलाईच्या आणि हथखोजच्या वस्तीतील एखाद्या मराठी घरात डोकावावे. मूल घरात मराठी बोलते, अंगणात हिंदी, शेजारच्या आजीशी छत्तीसगढी. त्याच्या कंपासपेटीशेजारी खडूंची पेटी आहे आणि त्या पेटीवरील नावे इंग्रजी आहेत. त्याला आमसुली रंगाचे लुगडे दाखविले तर ते ‘डार्क मरून’ म्हणते. अबोलीला ‘लाइट ऑरेंज’ म्हणते, शेवाळीला ‘डार्क ग्रीन’. दोष मुलाचा नाही. आमसुलाचे झाड कोकणात. इथल्या मुलाने ते पाहावे कुठे? तपकीर ओढणारे आजोबाही आता राहिले नाहीत. मग तपकिरी हा शब्द कशावरून आला, हे त्याला कोण सांगणार? वस्तू नजरेआड झाली की शब्द पोकळ होतो, आणि पोकळ शब्दाची जागा ‘लाइट’ आणि ‘डार्क’ घेतात. यात शब्दांबरोबर नजरेचीही हानी होते. ज्या मुलाजवळ डाळिंबी, आमसुली, किरमिजी आणि विटकरी असे चार शब्द आहेत, ते लाल रंगाच्या चार छटा थांबून पाहते. ज्याच्याजवळ एकच शब्द आहे, त्याला थांबण्याचे कारणच उरत नाही.

मात्र शेजारच्या भाषांना परके मानण्याचे कारण नाही. मराठी माणूस ज्या रंगाला जांभळा म्हणतो, त्याला हिंदी भाषक बहुधा बैंगनी म्हणतात. एका भाषेला जांभूळ दिसले, दुसरीला वांगे. छत्तीसगढीत त्याच वांग्याला भांटा म्हणतात. तीन भाषांच्या मध्ये वाढणाऱ्या मुलाला एका रंगाकडे पाहण्याच्या तीन खिडक्या मिळालेल्या असतात. त्यातली मराठी खिडकी उघडी ठेवणे, हे या शाळेचे काम आहे.

हे काम कॅमेऱ्याकडे का सोपवायचे, असेही कुणी विचारील. त्यासाठी रंगीत छायाचित्राच्या जन्माकडे वळावे लागेल.

१७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने एक प्रयोग दाखविला. डोळ्याला दिसणारे सारे रंग तांबडा, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणातून घडविता येतात, हे त्याला सिद्ध करायचे होते. छायाचित्रकार थॉमस सटन याने त्याच्यासाठी एकाच वस्तूची तीन छायाचित्रे तीन रंगांच्या गाळण्यांमधून घेतली होती. ती तिन्ही त्या त्या रंगाच्या प्रकाशातून पडद्यावर एकावर एक पाडताच रंगीत प्रतिमा उमटली. ती वस्तू कोणती होती? ना राजवाडा, ना राणीचे मुखकमल. ती होती चौकटीच्या नक्षीची एक रंगीत फीत. जगातील पहिल्या रंगीत छायाचित्रांत जिची गणना होते, ती प्रतिमा एका फितीची आहे.

या प्रयोगाची पुढची हकिकतही विद्यार्थ्यांनी ऐकण्यासारखी आहे. त्या काळची छायाचित्रणाची रसायने तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळी होती. मग मॅक्सवेलच्या प्रतिमेत तांबडा रंग उतरला कसा? याचे उत्तर शंभर वर्षांनी, १९६१ च्या सुमारास मिळाले. फितीवरील तांबड्या रंगातून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही परावर्तित होत होते आणि तांबड्या गाळणीतून पार होऊन तेच काचेवर नोंदले गेले होते. सिद्धान्त बरोबर होता, पण प्रयोग यशस्वी झाला तो वेगळ्याच कारणाने.

पुढे १९०७ मध्ये फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी ऑटोक्रोम नावाच्या रंगीत काचा बाजारात आणल्या. ज्यांच्या चलच्चित्रांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला, तेच हे बंधू. ऑटोक्रोमच्या काचेवर रंग गाळण्यासाठी त्यांनी वापरले होते बटाट्याचे पीठ! त्या पिठाचे अतिसूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगात रंगवून काचेवर पसरले जात. फितीपासून सुरू झालेली गोष्ट अशी बटाट्यापर्यंत आली. आणि आज आपल्या खिशातील भ्रमणध्वनीत जो कॅमेरा आहे, त्याच्या संवेदकावरही बहुधा तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची बारीक जाळी बसविलेली असते. ब्राइस बेयर या अभियंत्याने आखलेल्या आणि १९७६ मध्ये स्वामित्वहक्क मिळालेल्या या जाळीत निम्म्या गाळण्या हिरव्या असतात, कारण मानवी डोळा उजेडाचे बारकावे हिरव्या प्रकाशात अधिक टिपतो.

परंतु मराठी वाचकाने आणि श्रोत्याने या संदर्भात सर्वांत आधी स्मरण करावे ते धुंडिराज गोविंद फाळके यांचे. दादासाहेब फाळके म्हटले की ३ मे १९१३ आणि ‘राजा हरिश्चंद्र’ एवढेच आठवते. त्यामागचा पाया मात्र रंगांचा आणि छायाचित्रणाचा होता. त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्यात शिकले. रतलाम येथे त्यांनी तीन रंगांचे ठसे करण्याची विद्या आत्मसात केली. एकाच चित्राचे तीन रंगांत पृथक्करण करायचे, तीन ठसे घडवायचे आणि ते कागदावर एकावर एक छापायचे, ही ती विद्या. प्रकाशाऐवजी शाई घेतली, तर विचार मॅक्सवेलचाच. पुढे त्यांनी स्वतःचा छापखाना काढला आणि १९०९ मध्ये त्याच्या यंत्रांसाठी जर्मनीचा प्रवासही केला.

१९११ मध्ये चलच्चित्रांनी त्यांना झपाटले. दिवसचे दिवस पडद्याकडे पाहणे, रात्री मेणबत्ती आणि भिंगाच्या साहाय्याने भिंतीवर चित्रे पाडणे आणि अखंड वाचन यांचा ताण डोळ्यांवर पडला. काही काळ त्यांची दृष्टीच गेली. उपचारांनी आणि चष्म्यांच्या आधाराने ती परत आली. चाळिशी ओलांडलेला, छापखान्याचा व्यवसाय सोडलेला, डोळे गमावून परत मिळविलेला हा गृहस्थ १९१२ च्या आरंभी लंडनला गेला आणि कॅमेरा घेऊन परतला. आता भांडवल हवे होते. पुराणकथेवर संपूर्ण चित्रपट करीन, असे म्हणणाऱ्यावर विश्वास कोण ठेवणार? त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा कुंडीसमोर स्थिर केला. दाणा फुटला, अंकुर वर आला, वेल चढू लागला. महिन्याहून अधिक काळ त्याची चित्रे थोडी थोडी टिपली जात राहिली. ‘अंकुराची वाढ’ हा तो लघुपट एक मिनिटाहून किंचित मोठा होता. मूकपटाच्या काळातील सेकंदाला सुमारे सोळा चौकटी हा वेग धरला, तर एका मिनिटाला ९६० चित्रे होतात. एका वाटाण्यासमोर एवढ्या वेळा कॅमेरा उघडला गेला! तो लघुपट पाहूनच काही परिचितांनी कर्ज देण्याची तयारी दाखविली. पुढे १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. त्यात नट होत्या काड्यापेटीतील काड्या.

या साऱ्या खटाटोपात सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा विसरून चालणार नाही. दागिने गहाण पडले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या काळात त्यांनी फिल्मला छिद्रे पाडण्याचे, ती धुण्याचे काम शिकून घेतले आणि शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळला. घरातील वस्तू आणि घरातील माणसे यांच्या बळावर उभा राहिलेला हा प्रयोग होता. प्रयोगासाठी मोठे साहित्य लागते, ही समजूत वाटाण्याच्या त्या कुंडीने कायमची खोटी ठरविली आहे.

फाळक्यांच्या कुंडीत मालिकेचे संपूर्ण शास्त्र सामावलेले आहे. वस्तू एक, जागा एक, चौकट एक. बदलते ते एकच, वाटाण्याचे वय. एक सोडून बाकी सारे स्थिर ठेवले की ते एक ठळक दिसू लागते. विज्ञानाच्या प्रयोगवहीत विद्यार्थी हाच नियम लिहितात. अमेरिकेतील एडवर्ड वेस्टन याने १९३० मध्ये सिमला मिरचीची छायाचित्रे अशीच चिकाटीने काढली. त्यांतील जे जगभर गाजले त्याचे नाव ‘पेपर क्रमांक ३०’ असे आहे. हा क्रमांकच त्याच्या धीराची साक्ष देतो. त्या मिरचीमागे पार्श्वभूमी म्हणून त्याने पत्र्याचे एक नरसाळे ठेवले होते. जयपूरचे रघुबीर सिंह (१९४२–१९९९) यांनी रंगीत छायाचित्रणाला हलके मानले जाण्याच्या काळात रंगाचीच कास धरली. भारतात त्या काळी रस्तोरस्ती दिसणारी ॲम्बॅसेडर मोटार हा विषय घेऊन त्यांनी एक संपूर्ण मालिका केली; ती त्यांच्या निधनानंतर २००२ मध्ये पुस्तकरूपाने आली. मोटार तीच, पण तिच्या काचांतून, आरशांतून आणि दारांतून दिसणारा देश दर चित्रात निराळा.

आता प्रत्यक्ष कृतीचा विचार करू या. वस्तूचे छायाचित्र आणि रंगाचे छायाचित्र यांत भेद आहे. वांग्याचे छायाचित्र पाहून ‘हे वांगे’ असे मनात येते. वांगी रंगाचे छायाचित्र पाहून आधी रंग जाणवावा आणि वस्तू मागाहून ओळखू यावी. यासाठी चार पथ्ये पुरेशी आहेत.

पहिले पथ्य उजेडाचे. सर्व चित्रे एकाच खिडकीपाशी, दिवसाच्या एकाच प्रहरी घ्यावीत आणि घरातील दिवे बंद ठेवावेत. खिडकीचा उजेड आणि दिव्याचा उजेड एकत्र आले की पांढरा कागदही एका बाजूने निळसर, दुसऱ्या बाजूने पिवळसर दिसतो. वस्तूशेजारी आधी एक कोरा कागद ठेवून पाहावा. तो कागद पांढरा दिसत नसेल तर बाकीचे रंगही खरे नाहीत, असे समजावे.

दुसरे पथ्य शेजाराचे. फ्रान्समधील मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगविभागाचा प्रमुख होता. काही रंगीत धाग्यांशेजारी विणलेला काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपासाअंती त्याला आढळले, की काळ्या रंगात दोष नव्हता. शेजारच्या रंगामुळे तो तसा भासत होता. १८३९ मध्ये त्याने यावर ग्रंथच प्रसिद्ध केला. साडीच्या दुकानात काठ-पदर जुळविणाऱ्या प्रत्येक गृहिणीला हे ठाऊक असते. तेव्हा एकच वस्तू आधी पांढऱ्या, मग काळ्या, मग विरोधी रंगाच्या कापडावर ठेवून पाहावी आणि मगच पार्श्वभूमी निश्चित करावी.

तिसरे पथ्य जवळिकीचे. वस्तू पूर्ण दिसलीच पाहिजे, हा हट्ट सोडावा. डाळिंबाचे चार दाणे, वांग्याच्या देठाजवळ जिथे जांभळा रंग पांढऱ्यात विरतो ती कड, जुन्या विटेचा झिजलेला कोपरा, एवढे पुरते.

चौथे पथ्य प्रामाणिकपणाचे, आणि तेच सर्वांत अवघड. भ्रमणध्वनीवर बोट फिरविले की रंग भडक होतात. त्या मोहाला बळी पडले तर अबोलीचा नारिंगी होतो आणि ज्या छटेसाठी हा सारा खटाटोप आहे, तीच हातची जाते. छायाचित्र वस्तूशेजारी धरून पाहावे. दोन्ही जुळले तर ठेवावे, नाही तर पुन्हा काढावे. प्रयोगाला मोकळीक अवश्य आहे. वस्तू पाण्यात बुडवावी, काचेमागे धरावी, तिची सावली टिपावी, एकाच रंगाच्या दहा वस्तू एका ओळीत मांडाव्यात. पण रंगाशी खोटेपणा करू नये.

आणि या वस्तू शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. हथखोजचा परिसर कारखान्यांचा आहे. भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, आणि त्या भट्टीभोवती नगर उभे राहिले. नोकरीच्या निमित्ताने मराठी कुटुंबेही येथे आली. ‘इथे रंग कुठले? धूळ आणि गंज!’ असे उद्गार कधीमधी ऐकू येतात. परंतु या परिसरातील कामगारांइतकी रंगांची पारख क्वचितच कुणाला असेल. तापलेले लोखंड आधी काळपट तांबडे, मग लालबुंद, मग नारिंगी, मग पिवळे होते, आणि जाणता लोहार त्या रंगावरूनच घणाचा क्षण ठरवितो. घासून चकचकीत केलेले पोलाद मंद तापविले तर सुमारे २२० ते २३० अंश सेल्सियसला त्यावर गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढतो, पुढे तपकिरी, मग जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास गडद निळा. हा रंग कुणी लावलेला नसतो. पृष्ठभागावरील ऑक्साइडच्या अतिपातळ थरातून तो उमटतो आणि छिन्नीला किंवा स्प्रिंगला किती पाणी चढले, हे कारागिराला सांगतो. मोरपिसासारखी ही छटा वेल्डिंगच्या सांध्याशेजारीही पाहायला मिळते.

ही पारख पुस्तकात लिहिलेली नाही. ती पालकांच्या डोळ्यांत आहे. वडील निवृत्त झाले, की ती त्यांच्याबरोबर जाते. मुलाने काढलेल्या छायाचित्रासाठी वडिलांनी घरी आणून दाखविलेला पोलादाचा एक थंड तुकडा आणि त्यावरील रंगांबद्दल सांगितलेल्या चार गोष्टी या मालिकेत मोलाच्या ठरतील. विद्यार्थ्यांनी भट्टीजवळ किंवा यंत्राजवळ जाऊन छायाचित्रे घेऊ नयेत, हे मात्र निक्षून सांगितले पाहिजे. कारखान्यातील वस्तू वडीलधाऱ्यांच्या परवानगीनेच आणि घरी आणता येईल तेवढीच घ्यावी.

यातूनच हीरक महोत्सवासाठी एक प्रस्ताव पुढे येतो: साठ वर्षांसाठी साठ छायाचित्रे, साठ रंग, साठ मराठी नावे. प्रत्येक चित्राखाली तीनच गोष्टी असाव्यात: रंगाचे मराठी नाव, ज्या वस्तूवरून ते आले ती वस्तू, आणि ते नाव विद्यार्थ्याला कुणी सांगितले. ही तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची. ‘आजी’, ‘आत्या’, ‘शेजारच्या काकू’ एवढे लिहिले तरी पुरे, कारण त्यावरून कळेल की शब्द एका तोंडातून दुसऱ्या कानात गेला. हिंदी आणि छत्तीसगढी नावे मिळाली तर तीही खाली लिहावीत. ज्या वस्तू येथे मिळत नाहीत त्यांसाठी माजी विद्यार्थ्यांनी साहाय्य करावे. कोकणात असलेल्याने आमसुले पाठवावीत, नाशिककडच्याने अंजिरी रंगाचा जुना खण शोधावा. आणि इथल्या मातीने मराठीला एखादे नवे रंगनाम द्यावे. तापून थंड झालेल्या पोलादावरील त्या निळ्या-जांभळ्या छटेला मराठीत सुटसुटीत नाव नाही. ते हथखोजच्या एखाद्या विद्यार्थ्याने सुचवावे.

साठ चित्रे पूर्ण होतील की नाही, याची खात्री आज देता येत नाही. काही नावांना वस्तू सापडणार नाही, काही वस्तूंना नाव. अशा वेळी ती चौकट भिंतीवर रिकामी टांगावी आणि खाली फक्त शब्द लिहावा. शाळेत येणारा कुणी आजोबा, कुणी माजी विद्यार्थिनी ती रिकामी चौकट पाहून कदाचित घरी जाईल आणि जुन्या पेटीतून एखादे वस्त्र काढून आणील. छायाचित्रणाच्या तंत्रात उणेअधिक झाले तरी चालेल. चौकटीखालचा शब्द मात्र पुढच्या पिढीच्या तोंडी राहिला पाहिजे. तेव्हा उद्या सकाळी उजेड खिडकीतून घरात येईल, त्या वेळी मुलाला हाक मारून समोरच्या एखाद्या वस्तूचा रंग विचारावा, आणि त्याने ‘लाइट’ किंवा ‘डार्क’ म्हटले, तर घाईने सुधारू नये. वस्तू त्याच्या हाती द्यावी, थोडे थांबावे, आणि मग नाव सांगावे.